वापरलेल्या खाद्यतेलावर डिझेल गाडी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

"तळून झालेल्या तेलावर गाडी खरंच चालते का?" असं कुणी विचारलं की मी उलट दोन प्रश्न विचारतो. इंजिन कुठलं आहे, आणि तेलात पाणी किती आहे?

गाडी चालते. माझी जुनी डिझेल गाडी गेली सहा वर्षं याच तेलावर धावते आहे. पण पहिल्या वर्षी मी सगळा जीव टाकी, पाइप आणि व्हॉल्व्हमध्ये ओतला. तेल मात्र जाड कापडातून गाळलं आणि वरून स्वच्छ दिसतंय म्हणून भरलं. आठ महिन्यांत इंजेक्शन पंप, म्हणजे इंजिनात इंधन दाबाने सोडणारा पंप, गेला. पंप उघडणाऱ्या कारागिराने त्यातला प्लंजर, म्हणजे इंधन ढकलणारा दट्ट्या, माझ्या हातावर ठेवला. आरशासारख्या चकचकीत पोलादावर तांबूस ठिपके पडले होते, नख फिरवलं तर नखाला लागत होते. तेलात राहिलेल्या पाण्याने ते केलं होतं. तुमच्या पंपावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं लिहितो आहे, आणि म्हणूनच यात गाडीपेक्षा तेलाबद्दल जास्त सापडेल.

या विषयात रुडॉल्फ डिझेलचं नाव हमखास येतं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हे खरं आहे. पण डिझेलने स्वतः नंतर सांगितल्याप्रमाणे ते इंजिन खनिज तेलासाठीच बांधलेलं होतं, शेंगदाण्याचं तेल त्याने काही बदल न करता चालवून घेतलं एवढंच. त्यावरून आजची कुठलीही डिझेल गाडी तेल पचवेल असा अर्थ काढू नका.

अडचण तेलाच्या घट्टपणात आहे. ४० अंश सेल्सिअसला डिझेलची विष्यंदिता (घट्टपणाचं माप) साधारण २ ते ४.५ सेंटिस्टोक असते, तर बहुतेक खाद्यतेलांची ३० ते ४०. म्हणजे जवळपास दहापट. इतकं घट्ट तेल नोझलमधून, म्हणजे इंजेक्टरच्या फवारणाऱ्या टोकातून, बारीक फवारा होऊन बाहेर पडत नाही, जाड थेंब पडतात. ते पुरते जळत नाहीत. अर्धवट जळलेलं तेल नोझलच्या टोकाला आणि पिस्टनच्या रिंगांना कोळशासारखं चिकटतं आणि उरलेलं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. तेल तापवलं की ते पातळ होतं आणि हा त्रास बराच कमी होतो. पुढची सगळी जुळवाजुळव त्यासाठीच आहे.

१. आधी रस्ता ठरवा

रस्ते दोन आहेत. पहिल्यात तेल तेलच राहतं आणि गाडी बदलते: दुसरी टाकी बसवायची, तेल इंजिनच्याच उष्णतेने तापवायचं, गाडी डिझेलवर सुरू करायची आणि डिझेलवरच बंद करायची. दुसऱ्यात गाडी आहे तशी राहते आणि तेल बदलतं: मेथॅनॉल आणि कॉस्टिक सोडा वापरून तेलाचं बायोडिझेल, म्हणजे डिझेलसारखं पातळ इंधन, करायचं.

लोक तिसराही रस्ता सांगतात. तेलात रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर मिसळा आणि थेट टाकीत ओता. हे करू नका. मिश्रण पातळ होतं, पण तेलातले मोठे रेणू तसेच राहतात आणि नोझलवर कोळसा धरतोच. वर पंपाला मिळणारं वंगण कमी होतं, आणि पेट्रोल घातलं असेल तर टाकीतलं इंधन सहज पेट घेणारं होतं.

मी दोन टाक्यांचा रस्ता धरला, कारण मला घराच्या आवारात मेथॅनॉल साठवायचं नव्हतं. बायोडिझेलबद्दल नवव्या टप्प्यात थोडक्यात सांगतो.

२. इंजिन पाहा, आणि नसेल जमत तर तिथेच थांबा

तेलाला सगळ्यात सोसणारी इंजिनं म्हणजे जुनी, प्री-चेंबरची (इंधन आधी एका छोट्या कप्प्यात फवारणारी), इनलाइन पंपाची (पंपात दर सिलिंडरला वेगळा प्लंजर, ओळीने बसवलेला). मर्सिडीजच्या डब्ल्यू१२३ गाड्यांतली ओएम६१६ आणि ओएम६१७ ही इंजिनं या कामासाठी जगभर नावाजलेली आहेत ती याचमुळे. त्यांचे इंजेक्टर सव्वाशे बारच्या आगेमागे उघडतात, प्री-चेंबर गरम राहतो, आणि पंपाला वंगण इंजिन ऑइलमधून मिळतं. त्याला इंधनाच्या भरवशावर राहावं लागत नाही.

रोटरी पंप (एकाच फिरत्या भागाने सगळ्या सिलिंडरना इंधन वाटणारा) असेल तर तो कुठल्या बनावटीचा आहे ते पाहा. बॉशचा व्हीई पंप गरम तेल बऱ्यापैकी ओढतो. ल्युकास, सीएव्ही किंवा रोटो-डिझेल पद्धतीचे पंप थंड, घट्ट तेलाच्या ताणाने आतून मोडल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. तो पंप असेल तर बायोडिझेलचाच विचार करा.

कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाच्या एकाच नळीतून इंधन देणारं) असेल तर माझं उत्तर नाही असं आहे. तिथे दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो, नोझलची भोकं केसाएवढी बारीक असतात, आणि फवारा एका सायकलमध्ये अनेकदा, मोजून सोडला जातो. त्यात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर तो फिल्टर जाळून साफ करण्यासाठी बऱ्याच गाड्यांत जादा इंधन सिलिंडरमध्ये सोडतात. डिझेल असेल तर त्यातलं ऑइलमध्ये उतरलेलं बरंचसं पुढे उडून जातं. खाद्यतेल उडत नाही, ते साचत जातं.

इंजिनाची जात चालणारी असली तरी तब्येत तपासा. कॉम्प्रेशन सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत आहे का, हीटर प्लग सगळे चालू आहेत का, इंजेक्टरचा फवारा सारखा आहे का. डिझेलवरच सकाळी धूर काढत, मिसिंग करत सुरू होणारी गाडी तेलावर सुधारत नसते. आधी ती डिझेलवर ठणठणीत करा.

३. कागदपत्रं

हा टप्पा लोक शेवटी ठेवतात. पैसे खर्च करायच्या आधी उरका, कारण नियम देशादेशात फार वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये २००७ पासून वर्षाला २,५०० लिटरपर्यंत असं इंधन करून वापरणाऱ्याला इंधनकर आणि नोंदणी यांतून सूट आहे, फक्त नोंदी ठेवाव्या लागतात. अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते, प्रमाणपत्र नसलेल्या संचाने गाडीची इंधनव्यवस्था बदलणं क्लीन एअर ॲक्टचं उल्लंघन ठरू शकतं. तुमच्या देशात काय आहे ते परिवहन, कर आणि प्रदूषण या तिन्ही खात्यांकडून लेखी घ्या. तोंडी "चालतंय" म्हणणारा माणूस अपघातानंतर सापडत नाही.

एका फायलीत हे कागद ठेवा:

- गाडीची नोंदणी, आणि बदलाची नोंद लागत असेल तर तिची प्रत
- विमा कंपनीला बदल कळवल्याचं पत्र आणि तिचं उत्तर. हे चुकवू नका, न कळवलेल्या बदलाचं कारण दाखवून दावा नाकारता येतो
- तेल देणाऱ्याची लेखी संमती
- वही: तारीख, कुठून आणलं, किती लिटर आणलं, किती लिटर टाकीत गेलं, किलोमीटर
- प्रदूषण चाचणीचे निकाल, बदलाच्या आधीचे आणि नंतरचे

४. तेल मिळवा, पण मिळेल ते घेऊ नका

फुकट मिळतंय म्हणून सगळं उचलण्याचा मोह होतो. मी आता डबा उघडून नाही म्हणायला शिकलो आहे.

आधी पाहा. डबा न हलवता वरचं तेल काचेच्या बरणीत घ्या आणि उजेडासमोर धरा. मधासारखं किंवा गडद तपकिरी पण आरपार दिसणारं तेल चांगलं. दुधाळ, मळकट पिवळं, मलईसारखं दिसलं तर त्यात पाणी तेलाशी एकजीव झालेलं आहे. भांडी धुण्याचा साबण डब्यात गेला की असं होतं, आणि ते पाणी सहजासहजी सुटत नाही. असा डबा सोडून द्या. साठवणीचा डबा उघड्यावर, झाकणाविना ठेवलेला असेल तर पावसाचं पाणी आत आहे असंच धरा.

मग वास घ्या. खमंग वास चालेल. नाकाला झोंबणारा, खवट वास आला तर तेल खूप वेळा तापलं आहे आणि त्यातली मुक्त आम्लं वाढली आहेत. ती धातू खातात, आणि असं तेल साठवणीत लवकर घट्टही होतं. याचं मोजमाप घरी करता येतं. १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून ठेवा. १ मिलिलिटर तेल १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळा, फिनॉल्फ्थॅलिनचे (सोडा जास्त झाला की गुलाबी होणाऱ्या रसायनाचे) दोन-तीन थेंब टाका, आणि सिरिंजने सोड्याचं पाणी थेंबाथेंबाने सोडत ढवळत राहा. गुलाबी रंग येऊन दहा-पंधरा सेकंद टिकला की किती मिलिलिटर गेलं ते वाचा. माझा नियम असा: २ पर्यंत आनंदाने, ३ पर्यंत घेतो, त्यापुढे परत.

तेल कुठल्या बियांचं आहे यालाही महत्त्व आहे. जवसासारखी तेलं हवेत आपोआप वाळून चिवट पापुद्रा धरतात, आणि इंजिनातही तेच करतात. सूर्यफूल आणि सोयाबीन मधली आहेत, मोहरीकुळातलं रेपसीड त्याहून बरं. उलट बाजूला पाम आणि खोबरेल. ती वाळत नाहीत, पण थंडीत गोठतात. खोबरेल २४-२५ अंशांलाच थिजतं. वनस्पती तुपासारखी हायड्रोजनयुक्त चरबी तर नेहमीच्या तापमानाला घट्टच असते. डब्याच्या तळाशी पांढरा थर दिसला तर तो मागे राहू द्या.

५. पाणी काढा

माझा पंप ज्याने खाल्ला तो हा टप्पा, म्हणून इथे सावकाश वाचा.

तेलात पाणी दोन प्रकारांनी असतं. सुटं पाणी जड असल्याने खाली बसतं. तेलाची घनता पाण्याच्या नऊ दशांशापेक्षा थोडी जास्त, त्यामुळे फरक लहान आहे आणि बसायला वेळ लागतो. दुसरं पाणी तेलात विरघळलेलं किंवा सूक्ष्म थेंबांच्या रूपात तरंगत असतं. ते डोळ्यांना दिसत नाही. इंजेक्शन पंपात प्लंजर आणि त्याचं बॅरल यांच्यामध्ये फट काही मायक्रॉनचीच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. तिथे पाणी पोचलं की गंज, आणि गंज म्हणजे पंप बाद.

मी असं करतो. गाळण्याआधी तेल उंच, अरुंद, तळाला नळ असलेल्या पिंपात भरतो. थर्मोस्टॅटच्या हीटरने ६० अंशांपर्यंत हळूहळू नेतो, हीटर बंद करतो, पिंपाला जुनं ब्लँकेट गुंडाळतो आणि दोन-तीन दिवस हातही लावत नाही. ऊब असताना तेल पातळ असतं, म्हणून थेंब लवकर खाली येतात. मग तळाचा नळ अगदी थोडा उघडतो. आधी गढूळ पाणी येतं, मग करड्या रंगाचा साका, मग तेल. तेल स्वच्छ यायला लागलं तरी आणखी एक-दोन लिटर वेगळं काढून पुढच्या खेपेत घालतो.

एवढ्यानेही सूक्ष्म पाणी राहतं. त्यासाठी कोरड्या हवेच्या दिवशी तेल पंपाने उचलून पिंपाच्या वरच्या बाजूला फवाऱ्यासारखं परत सोडत राहायचं. ऊनसं तेल हवेतून पडताना पाणी सोडतं. दमट हवेत हे करू नका, हवेतलं पाणी उलट तेलात येतं.

आता तव्याची चाचणी. हिच्यावाचून मी एकही लिटर टाकीत घालत नाही. जाड बुडाचा छोटा तवा रिकामा तापवा, साधारण १५० अंशांपर्यंत. डोळ्यांवर गॉगल लावा, चेहरा बाजूला ठेवा. चमचाभर तेल तव्याच्या कडेला सोडा आणि तवा तिरका करून ते पसरू द्या. तडतड आवाज आला तर पाणी भरपूर आहे. आवाज नाही पण तेलाखालून बारीक बुडबुड्यांच्या रांगा सुटतात, शॅम्पेनच्या पेल्यात दिसतात तशा, तरीही पाणी आहे आणि ते तेल नापास. कोरडं तेल तव्यावरून नुसतं सरकतं, कडेला थोडा धूर येतो, पृष्ठभाग काचेसारखा सपाट राहतो. पहिल्यांदा दुकानातलं नवं, सीलबंद तेल घेऊन ही चाचणी करा, म्हणजे कोरडं तेल कसं दिसतं ते डोळ्यांत बसेल.

एक सापळा जीवावर बेतणारा आहे. पाणी उडवायचं म्हणून पिंप थेट १०० अंशांच्या वर तापवू नका. तळाला बसलेलं पाणी एकदम वाफ होतं, वाफ पाण्याच्या सोळाशेपटीहून जास्त जागा मागते, आणि वरचं सगळं उकळतं तेल बाहेर फेकलं जातं. उघड्या ज्योतीवर पिंप कधीच ठेवू नका. विजेचा हीटरही नेहमी तेलात पूर्ण बुडालेला हवा. उघडा पडलेला, लाल झालेला हीटर तेल पेटवतो. आणि पेटलेल्या तेलावर पाणी ओतायचं नाही. तेलाच्या आगीला चालणारं अग्निशामक हाताशी, पण पिंपापासून दोन पावलं लांब ठेवा.

६. गाळा, थंड असताना

पाणी काढताना तेल ऊन हवं, गाळताना थंड. गरम तेल गाळणीतून भराभर उतरतं, म्हणून सगळे गरमच गाळतात. पण त्यात विरघळलेली चरबीही उतरते, आणि तीच थंडीच्या पहाटे गाडीच्या फिल्टरमध्ये गोठून बसते. नेहमीच्या हवेच्या तापमानाला गाळलं तर ती पिशवीतच अडकते. रात्रभर लागली तरी लागू द्या.

टप्प्याटप्प्याने उतरा: २०० मायक्रॉन, मग १००, मग २५, मग ५, शेवटी १. एकदम १ मायक्रॉनची पिशवी लावली तर ती दहा मिनिटांत तुंबते. पिशवी घेताना ती नॉमिनल आहे की ॲब्सोल्यूट हे विचारा. नॉमिनल म्हणजे त्या मापाचे बरेचसे कण अडतात, सगळे नाही.

तेलाने भिजलेल्या चिंध्या आणि कागद घडी करून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सुटते, ती ढिगात कोंडते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. खाली उरलेला साका गटारात सोडू नका, तो नळात जमून दगडासारखा होतो.

७. गाडीत काय काय लागतं

- दुसरी टाकी, स्टेनलेस किंवा ॲल्युमिनिअमची, तळाला ड्रेन असलेली. ओढनळी तळापासून दोन बोटं वर
- टाकीत कूलंटची गुंडाळी, निदान ओढनळीच्या भोवती
- कूलंटवर चालणारा प्लेट हीट एक्स्चेंजर (पत्र्यांच्या थरांतून कूलंटची ऊब तेलाला देणारा)
- तेलासाठी वेगळा फिल्टर, गरम राहील असा
- दोन थ्री-वे सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने डिझेल आणि तेल यांत वाट बदलणारे): एक पुरवठ्याला, एक परतीला, म्हणजे पंपातून टाकीकडे परत जाणाऱ्या इंधनाला
- पंपाच्या तोंडाशी तापमान दाखवणारा मीटर आणि फिल्टरनंतर व्हॅक्यूम मीटर
- व्हायटॉनचे (तेल आणि उष्णता सोसणाऱ्या रबराचे) पाइप, चांगल्या क्लिपा, फ्यूजसह वायरिंग

तांबं आणि पितळ तेलाच्या वाटेत कुठेही नको. गरम तेल तांब्याशी खेळत राहिलं की लवकर घट्ट होतं, आणि पाइपच्या आत वार्निशसारखा थर धरतो. फसवणारी वस्तू म्हणजे प्लेट एक्स्चेंजर. बाहेरून स्टेनलेसचा दिसतो, पण आतले पत्रे बहुधा तांब्याने जोडलेले असतात. निकेलने जोडलेला मागून घ्या. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची टाकीही नको.

कूलंट हीटरच्या होजमधून घ्या, म्हणजे रेडिएटरची वाट मोडत नाही. जोडण्या झाल्या की कूलंटमधली हवा नीट काढा, नाहीतर इंजिन तापेल. तेलाच्या बाजूला ओढीचे सगळे जोड दोनदा तपासा. घट्ट तेल ओढताना पाइपात व्हॅक्यूम वाढतो, आणि डिझेलवर कधी न जाणवलेली बारीक फट हवा घ्यायला लागते. गाडी चढावर दम सोडते, सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, आणि बाहेर मात्र कुठेच गळती दिसत नाही. पंपाआधी वीतभर पारदर्शक पाइप लावला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

वायरिंग स्वतः करणार असाल तर एवढं पाळा: वीज गेली की दोन्ही व्हॉल्व्ह डिझेलच्या बाजूला यायला हवेत. फ्यूज उडाला तरी गाडी डिझेलवर राहील.

८. चालवायची पद्धत

सुरू करताना डिझेल. इंजिन तापेपर्यंत स्विचला हात लावायचा नाही. काटा कूलंटचा नाही, पंपाच्या तोंडाशी असलेल्या तेलाचा पाहायचा. तो ७० अंशांच्या वर गेला आणि दोन-तीन मिनिटं तिथेच राहिला, की तेलावर घ्या. इंजिनाचा आवाज किंचित मऊ होतो. लिटरमागे ऊर्जा थोडी कमी आहे, डिझेलच्या साधारण ३६ मेगाज्यूलच्या जागी ३४, त्यामुळे पिकअपमध्ये फार फरक जाणवत नाही.

उतरण्याआधी परत डिझेलवर. यात परतीचा व्हॉल्व्ह थोडा उशिरा फिरवायचा. पुरवठा डिझेलचा झाला तरी पहिली काही सेकंदं पंपातून परत येणारं तेलच असतं, ते तेलाच्या टाकीत जाऊ द्या. लगेच फिरवलात तर प्रत्येक वेळी वाटीभर तेल डिझेलच्या टाकीत जातं, आणि महिन्याभरात तुमची "स्वच्छ" टाकी स्वच्छ राहत नाही. फिल्टर ते पंप पाइपात किती इंधन मावतं त्यावर किती वेळ लागेल ते ठरतं. माझ्या गाडीला परतीचा व्हॉल्व्ह चाळीस सेकंदांनी फिरवावा लागतो, आणि बंद करण्याआधी मी पूर्ण तीन मिनिटं डिझेलवर चालवतो. पारदर्शक पाइपात रंग बदलताना पाहून तुमचा आकडा काढा.

दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांना तेल वापरू नका. इंजिन तापेपर्यंत मुक्काम येतो. ज्याचा रोजचा प्रवास तेवढाच आहे त्याने हा खटाटोप करू नये, असं मी स्पष्ट सांगतो. इंजिन तासन्‌तास रिकामं फिरत ठेवून तेल जाळणंही वाईट, कारण भार नसताना सिलिंडर थंड पडतो आणि कोळसा धरतो.

९. बायोडिझेल करायचं असेल तर

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला टांगलेली तीन फॅटी आम्लं. मेथॅनॉल त्यांना सोडवून घेतं, कॉस्टिक ते घडवून आणतं, ग्लिसरीन खाली बसतं. वर राहतं ते बायोडिझेल. नेहमीचं प्रमाण असं: १ लिटर कोरड्या तेलाला २०० मिलिलिटर मेथॅनॉल आणि ३.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा, अधिक चौथ्या टप्प्यातल्या चाचणीत जितके मिलिलिटर लागले तितके ग्रॅम. तापमान ५५ अंश. मेथॅनॉल ६४.७ अंशांना उकळतं, त्याच्या जवळ जाऊ नका. तासभर ढवळून रात्रभर ठेवायचं, ग्लिसरीन काढायचं, पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं. तेल ओलं असेल तर साबण होतो, म्हणून पाचवा टप्पा इथेही सुटत नाही.

रूपांतर पुरतं झालं का हे पाहायला ३ मिलिलिटर बायोडिझेल २७ मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये घाला, दोन्ही २० अंशांच्या आसपास असू देत. तळाला तेलाचे थेंब बसले तर काम अर्धवट आहे.

हे रसायन माफ करणारं नाही. मेथॅनॉल कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातं, आंधळं करू शकतं, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. कॉस्टिकसाठी ॲल्युमिनिअमचं भांडं वापरलं तर हायड्रोजन सुटतो. मोकळी हवा, रसायनाला टिकणारे हातमोजे, गॉगल, बंद भांडं, आणि मुलंबाळं, ठिणगी, विडी-सिगारेट यांपासून दूर. पहिली खेप १ लिटरचीच करा, तीही ज्याने हे आधी केलं आहे अशा माणसाजवळ उभं राहून. जुन्या टाकीत बायोडिझेल पहिल्यांदा घातलं की वर्षानुवर्षांचा मळ सुटतो आणि फिल्टर तुंबतो. एक जादा फिल्टर गाडीत ठेवा. जुने नैसर्गिक रबराचे होजही बदलून घ्या.

१०. इंजिन ऑइलवर डोळा ठेवा

तेलावर चालणारी इंजिनं मरतात ती बहुतेक इथे. रिंगांवरून उतरलेलं खाद्यतेल ऑइलमध्ये साचतं, उष्णतेने आणि हवेने त्याचे रेणू एकमेकांत गुंततात, आणि एक दिवस सगळं ऑइल जेलीसारखं होतं. ऑइल पंपाला ते ओढता येत नाही. हे हळूहळू होत नाही, बरेच दिवस काही दिसत नाही आणि मग एकदम घट्ट होतं.

म्हणून ऑइल कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदला. दर आठवड्याला डिपस्टिक काढा. पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, खाली तेल उतरतंय. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. काळं पण सरकणारं लागलं तर ठीक. चिकट, ताणलं की तार धरणारं लागलं तर त्याच दिवशी ऑइल आणि फिल्टर बदला, आणि इंजेक्टर तपासायला काढा. नोझलच्या टोकाभोवती कोळशाची फुलासारखी कडा दिसली तर तेल पुरेसं तापत नव्हतं. व्हॅक्यूम मीटर रोजच्यापेक्षा वर चढला तर तेलाचा फिल्टर भरला आहे.

११. गाडी दुसऱ्याच्या हातात देताना

एकदा ब्रेकच्या कामासाठी गाडी गॅरेजमध्ये ठेवली. मी स्विचबद्दल काही बोललो नव्हतो. तिथल्या मुलाने चाचणीसाठी गाडी फिरवून आणली, तेलावर असतानाच बंद केली, आणि ती दोन थंड रात्री तशीच उभी राहिली. तिसऱ्या दिवशी पंपापासून नोझलपर्यंत सगळ्या पाइपांत घट्ट तेल होतं. सेल्फ मारून बॅटरी उतरली, पण इंजिन हललं नाही. चूक माझी होती. पंपावर आणि पाइपांवर गरम पाण्याच्या पिशव्या ठेवून, एकेक इंजेक्टरचा नट सैल करून तेल बाहेर काढलं, तेव्हा चार तासांनी गाडी सुरू झाली.

तेव्हापासून किल्ली देण्याआधी मी तेलाच्या व्हॉल्व्हचा फ्यूज काढून खिशात ठेवतो. डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवलेली आहे: "ही गाडी फक्त डिझेलवर चालवा. उजवीकडच्या झाकणात काहीही भरू नका." तेलाच्या टाकीच्या झाकणावर वेगळा रंग आणि "खाद्यतेल" अशी ठळक अक्षरं आहेत. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर वीस-पंचवीस किलोमीटर डिझेलवर चालवून मगच लावतो, आणि तेलाची टाकी रिकामी करून ड्रेनमधून शेवटचा पेलाभर काढून पाहतो. त्या पेल्यात तळाला पाण्याचा एक थेंब जरी दिसला, तरी ती सगळी खेप परत पिंपात जाते.